उसातला बिबट्या आणि आपली वस्ती : सुरक्षिततेसाठी शिवाराची आखणी



पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले, संगमनेर या तालुक्यांत संध्याकाळ झाली की घराघरांतून एकच हाक ऐकू येते, "पोरांना आत घ्या." बिबट्या हा आता डोंगरातला पाहुणा राहिलेला नाही. तो आपल्या उसात राहतो, तेथेच पिल्ले घालतो आणि रात्री आपल्याच पायवाटेने हिंडतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसांचे बळी गेले, आणि संतप्त लोक रस्त्यावर उतरले. हा संताप समजण्यासारखा आहे. परंतु रास्ता रोको संपल्यावर त्याच रात्री मोटार चालू करायला आणि दारे धरायला कोणाला तरी उसात जावेच लागते. त्या माणसाने काय करावे, घर व गोठा कसा ठेवावा आणि पिकाची आखणी कशी करावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

बिबट्या उसात का राहतो?

कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी कालव्याने शिवारात आले आणि कोरडवाहू बाजरी-मटकीच्या जागी ऊस उभा राहिला. सुरू ऊस सुमारे १२ महिने, तर आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात असतो. एवढा काळ सलग आडोसा, सावली आणि पाणी देणारे दुसरे पीक आपल्याकडे नाही. शेजारीच कुत्री, शेळ्या, कोंबड्या आहेत. बिबट्याला याहून अधिक काही लागत नाही.

अकोले परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात. तरीही १०० चौ. कि.मी. क्षेत्रात सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि तितकेच प्रौढ तरस आढळले. त्याच भागात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली असता त्याच्या खाद्यात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव व गावातील जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट असूनही शेळ्यांचा वाटा मात्र ११ टक्केच भरला. याचे कारण उघड आहे. शेळी रात्री आत बांधली जाते, कुत्रे मोकळे असते. जे जनावर बंदिस्त असते ते वाचते. पुढील सर्व शिफारशींचा पाया हाच आहे.

"पकडून लांब सोडा" याने काय होते?

गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. हा उपाय जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर करून झालेला आहे. तेथे १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्यानंतर बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याची मोहीम सुरू झाली आणि ही सरासरी १७ वर गेली.

असे का झाले असावे? बिबट्या आपली हद्द धरून राहणारा प्राणी आहे. आपल्या हद्दीतील वाटा, घरे, माणसांच्या जाण्यायेण्याच्या वेळा त्याला माहीत असतात आणि तो माणसाला टाळून राहतो. त्याला उचलून अनोळखी मुलखात सोडले की तो बिथरतो व परत फिरण्याच्या प्रयत्नात नव्या वस्त्यांमधून हिंडतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण आणि त्या शिवाराला नवखा बिबट्या घेतो.

याचा अर्थ पिंजरा कधीच लावू नये असा नाही. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे. परंतु तो निर्णय वन विभागाचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बिबट्या अनुसूची १ मध्ये असून मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय त्याला पकडता किंवा मारता येत नाही. फासकी लावणे, मेलेल्या जनावरात विष घालणे, कुंपणात वीज सोडणे हे गुन्हे तर आहेतच, शिवाय अशा तारेला चिकटून शेजारचाच माणूस दगावतो, हेही विसरू नये.

धोका केव्हा आणि कोणाला?

बिबट्या उंचीवरून सावज ठरवितो. उभा, चालता, बोलता प्रौढ माणूस हे त्याचे सावज नव्हे. लहान मूल आणि बसलेला किंवा वाकलेला माणूस मात्र अंधुक उजेडात त्याला शेळी-कुत्र्यासारखा भासू शकतो. म्हणून पुढील प्रसंगी विशेष दक्षता घ्यावी.

१) तिन्हीसांजेला अंगणात एकटे खेळणारे मूल.
२) पहाटे किंवा रात्री उघड्यावर शौचास बसलेली व्यक्ती.
३) उसाच्या कडेला वाकून गवत कापणारी किंवा खुरपणी करणारी स्त्री.
४) रात्री एकट्याने दारे धरणारा शेतकरी.
५) ओट्यावर, खळ्यावर किंवा फडाच्या कडेला उघड्यावर झोपलेले कुटुंब.

घराभोवतीच्या पिकांची आखणी

आपल्यापैकी अनेकांचे घर शेतातच असते आणि ऊस थेट ओट्याला येऊन भिडतो. बऱ्याच ठिकाणी गोठ्यामागे वैरणीसाठी हत्तीगवत लावलेले असते. तोडायला सोपे म्हणून ते जवळ लावले जाते, पण शेळीवर टपून बसायला बिबट्यालाही तेच सोपे जाते.

१) घर व गोठ्याच्या चारही बाजूंना निदान ५० फुटांचा पट्टा उंच पिकाविना ठेवावा. या पट्ट्यात ऊस, मका, हत्तीगवत, केळी घेऊ नये.
२) हा पट्टा पडीक ठेवण्याची गरज नाही. मेथी, कोथिंबीर, कांदा, लसूण, भुईमूग, हरभरा अशी गुडघ्याच्या आतली पिके घ्यावीत. १०० फूट लांबीच्या एका बाजूला असा पट्टा सोडला तर सुमारे साडेचार गुंठेच क्षेत्र लागते, आणि घरच्या भाजीची सोय होते.
३) नवीन लागण करताना जोड ओळ किंवा पट्टा पद्धतीचा अवलंब करावा. ऊस ५ ते ६ महिन्यांचा झाल्यावर खालची वाळलेली पाने काढून सरीतच टाकावीत. हवा खेळती राहते, पाचटाचे आच्छादन होते आणि ओळींतून लांबवर दिसते.
४) पायवाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत, घाणेरी व वेड्या बाभळीची झुडपे वर्षातून दोनदा तरी काढावीत. मुलांच्या शाळेच्या वाटेपासून सुरुवात करावी.
५) ज्यांना शक्य आहे त्यांनी उसाला ठिबक सिंचन करावे. पाणी व खताची बचत आपण जाणताच. परंतु रात्री उसात शिरून दारे मोडण्याची गरज राहत नाही, हा फायदाही हिशेबात धरावा.

रात्रीचे पाणी

विजेच्या वेळापत्रकामुळे रात्रीचे पाणी टळत नाही. दिवसा वीज मिळावी ही मागणी रास्त आहे आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशही तोच आहे. आपल्या गावाचे वीज वाहिनीचे काम कोठवर आले, याचा पाठपुरावा ग्रामपंचायतीने करावा. तोपर्यंत पुढील पथ्ये पाळावीत.

• मोटारीला स्वयंचलित किंवा मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवावा, म्हणजे केवळ बटण दाबण्यासाठी विहिरीवर जावे लागणार नाही.
• दारे धरायला दोघांनी जावे. बॅटरी आणि माथ्याएवढी काठी बरोबर असावी.
• मोठ्याने बोलत, काठी आपटत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालावे. माणूस येतो आहे असे कळले की बिबट्या बहुधा आधीच बाजूला होतो. अचानक समोरासमोर येणे हेच धोक्याचे असते.
• बांधावर बसून किंवा पडून पाण्याची वाट पाहू नये. थांबायचे असल्यास उसापासून दूर, मोकळ्या जागी, उजेडात उभे राहावे.

गोठा कसा असावा?

नुसते काट्यांचे कुंपण बिबट्याला अडवीत नाही. झाडावर सहज चढणारा हा प्राणी उंच भिंत चढून आत उतरतो आणि शेळी तोंडात धरून बाहेर पडतो. कोंडलेल्या कळपात तो शिरला तर घाबरून धावणाऱ्या अनेक शेळ्या एकाच रात्री मारतो. म्हणून वरून बंद नसलेला गोठा हा गोठा समजू नये.

१० शेळ्यांसाठी १० × १२ फुटांची जागा पुरते. खाली ३ फूट विटांची किंवा दगडाची भिंत, त्यावर छतापर्यंत मजबूत लोखंडी साखळी जाळी आणि वर पक्के बसविलेले पत्रे असावेत. भिंत व पत्र्याच्या मध्ये फट राहू देऊ नये. दाराखालून पंजा जाणार नाही इतपतच जागा असावी, आणि दाराला बाहेरून कडी घालावी. नुसती दोरी बांधू नये. जाळीचे टोक जमिनीत गाडावे किंवा भिंतीत बसवावे. एवढा खर्च एकदम झेपत नसेल तर आधी करडे व शेळ्यांसाठी लहान बंदिस्त खण करावा. मोठी गाय किंवा म्हैस त्यामानाने कमी धोक्यात असते, वासरू मात्र शेळ्यांबरोबर आतच बांधावे.

कुत्र्याला रात्री दाराशी साखळीने बांधून ठेवणे म्हणजे बिबट्याला ओट्यावर बोलावणे होय. त्यालाही आत घ्यावे. कुक्कुटपालन करणाऱ्या बांधवांनी मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा बांधावर टाकू नयेत. त्यावर मोकाट कुत्री पोसली जातात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. खोल खड्डा घेऊन चुना टाकून त्या पुराव्यात. गावच्या मटण-कोंबडीच्या दुकानांचा कचरा आणि मोकाट कुत्र्यांची नसबंदी हे विषय ग्रामसभेत घ्यावेत.

अंगणातील दिवा बिबट्याला दूर ठेवीलच असे नाही. परंतु अंगणात काय आहे हे दार उघडण्यापूर्वी आपल्याला दिसते, यासाठी दिवा हवा. घरात शौचालय असेल तर त्याच्या वाटेवर पहिला दिवा लावावा.

ऊसतोड आणि कोप्यांचा तळ

हा भाग बागायतदार बंधूंनी लक्षपूर्वक वाचावा. आपण घराभोवती पट्टा सोडला, गोठा बंद केला, तरी दिवाळीनंतर आपल्या शिवारात एक नवी वस्ती उभी राहते. तिला ना भिंत असते, ना दार. बीड व इतर दुष्काळी भागांतून आलेल्या तोडणी मजुरांच्या या कोप्या असतात. त्यांची मुले ऊस व वाढ्यांच्या मध्येच झोपतात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात आणि मूल कोपीत किंवा फडाच्या कडेला राहते. ज्या कुटुंबाला हा मुलूख ठाऊक नाही, त्याला येथे बिबट्या आहे हे आपण सांगितले नाही तर कोण सांगणार? म्हणून,

१) कोप्यांसाठी उसापासून दूर, मोकळी व सपाट जागा द्यावी. त्या जागेची निवड मुकादमावर सोडून मोकळे होऊ नये.
२) तळावर विजेचा दिवा, पाणी आणि फिरते का होईना शौचालय असावे. याबाबत कारखान्याच्या शेती विभागाकडे आधीच मागणी करावी.
३) तोड चांगले उजाडल्यावरच सुरू करावी. गाडी लवकर भरावी म्हणून अंधारात फडात उतरविण्याचा आग्रह धरू नये.
४) फडावर लहान मुलांपाशी एक मोठे माणूस कायम बसवावे. त्याची हजेरी धरावी.
५) तोड घराच्या किंवा रस्त्याच्या बाजूने सुरू करून ओढ्याच्या किंवा मोकळ्या रानाच्या दिशेने न्यावी. चारही बाजूंनी तोडत आत गेल्यास बिबट्या मध्ये कोंडला जातो आणि शेवटच्या काही सऱ्यांत माणसांच्या अंगावर येतो. एक बाजू त्याला जाण्यासाठी मोकळी ठेवावी.
६) ऊस किंवा पाचट पेटवू नये. त्यात पिल्ले जळतात आणि जमिनीचा सेंद्रिय कर्बही जातो.

फडात पिल्ले आढळली तर

तोडणीच्या हंगामात असे प्रसंग वारंवार येतात. पिल्ले दिसताच त्या फडातील काम थांबवावे व सर्वांनी मागे सरावे. पिल्ले हातात घेऊ नयेत, फोटोसाठी गर्दी करू नये, घरी तर मुळीच नेऊ नयेत. मादी जवळपासच असते. वन कर्मचारी पिल्लांची तपासणी करून संध्याकाळी ती त्याच जागी ठेवतात आणि बहुधा रात्रीतून मादी त्यांना घेऊन जाते. पिल्ले हलविली तर ती त्यांच्या शोधात वस्तीभोवती घिरट्या घालते, आणि अशा वेळी ती अधिक आक्रमक असते. एक दिवसाची तोड बुडाली तरी चालेल, पण ही घाई करू नये.

बिबट्या समोर आला तर

• पळू नये, पाठ फिरवू नये, खाली बसू नये.
• बरोबर मूल असल्यास त्याला लगेच उचलून घ्यावे.
• हात वर करून मोठ्याने ओरडावे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे.
• दगड मारू नयेत, पाठलाग करू नये. घाबरलेला बिबट्या वाट मिळेल तिकडे, म्हणजे गर्दीतूनच धावतो.
• तो घरात किंवा गोठ्यात शिरला असल्यास माणसे बाहेर काढून दार बाहेरून बंद करावे.
• विहिरीत पडला असल्यास गर्दी हटवावी आणि त्याला आधार मिळेल असे लाकडी फळीसारखे काही दोराला बांधून लांबूनच सोडावे. बाहेर काढण्याचे काम वन विभागाच्या पथकावर सोपवावे.

कोणी जखमी झाल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब ग्रामीण रुग्णालय गाठावे. हळद, चुना, तंबाखू लावू नये. जखम लहान असली तरी रेबीज प्रतिबंधक लस घ्यावीच.

खुणा ओळखणे आणि नुकसान भरपाई

बिबट्याच्या पावलाचा ठसा गोलसर असतो व त्यात नखे उमटत नाहीत. कुत्रा व तरस यांच्या ठशात नखे दिसतात. तरस मुख्यतः मेलेल्या जनावरावर जगतो व माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. ठसा आढळल्यास त्यावर टोपले झाकून ठेवावे व वनरक्षकाला दाखवावा. न पाहताच मोबाइलवर जुने फोटो फिरविल्याने खऱ्या ठिकाणी पथक पोहोचायला उशीर होतो.

जनावर मारले गेल्यास ते जागेवरून हलवू नये. ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा. जनावराच्या कानातील बिल्ला काढू नये. ओळख पटविण्यास तो उपयोगी पडतो. भरपाईची रक्कम शासन वेळोवेळी सुधारीत असते, चालू दर वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावेत. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ घराच्या भिंतीवर आणि कोप्यांच्या तळावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

घरच्या घरी तपासणी

आज संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी आपल्या घराभोवती एक फेरी मारावी आणि स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत.

१) ओट्यापासून सर्वांत जवळचा ऊस किंवा हत्तीगवत किती पावलांवर आहे?
२) गोठा वरून बंद आहे काय? दाराला कडी आहे काय?
३) शौचालयाच्या वाटेवर उजेड आहे काय?
४) कुत्रे रात्री कोठे असते?
५) रात्रीच्या पाण्याला आपल्याबरोबर कोण येते?
६) यंदा कोप्या कोठे पडणार आहेत? ती जागा आपण पाहिली आहे काय?

ज्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही, तेथून कामाला लागावे. यातील कित्येक कामांना पैसा लागत नाही. कुत्रे आत घेणे, वाट साफ करणे, मुलांना दिवस मावळण्यापूर्वी घरात घेणे आणि तोड उजाडल्यावर सुरू करणे ही कामे आजपासून करता येतील. गोठ्याची जाळी आणि ठिबक यांचा खर्च पुढील उसाच्या बिलातून काढावा. लागणीचा नकाशा आखताना घराभोवतीचा ५० फुटांचा पट्टा आधी आखावा आणि मगच सऱ्या पाडाव्यात. शेजाऱ्याचा ऊस आपल्या ओट्याला लागून असेल तर त्याच्याशी लागणीपूर्वीच बोलावे. सरी पडल्यावर ते बोलणे अवघड होते.